तुरळक ठिकाणी थंडी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये थंडी आधी बातमीत येते, मग लोकलमध्ये, मग कपड्यांच्या दुकानातल्या खिळ्यावर आणि सगळ्यात शेवटी अंगावर. अंगावर येईपर्यंत बातमीवाले उन्हाळ्याकडे वळलेले असतात. वर्षातले चार महिने पाऊस, सहा महिने घाम आणि उरलेल्या दोन महिन्यांत थंडी पडेल की नाही यावर चर्चा, असं आमचं ऋतुचक्र आहे. ही चर्चा इतकी रंगते की थंडी पडली नाही तरी कुणाचं फारसं अडत नाही.

१९४९ साली राजगोपालाचारींनी या शहराची कोनशिला बसवली, तेव्हा फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना लष्कराच्या बराकी राहायला मिळाल्या होत्या. बराकी गेल्या, त्यांचे नंबर मात्र अजून पत्त्यात आहेत. कॅम्प पाच कुठे संपतो आणि अंबरनाथ कुठे सुरू होतं, हे महापालिकेला ठाऊक असेल. मोबाइलला ठाऊक नाही. आमच्या हॉलमध्ये बसलं की फोन ‘उल्हासनगर, १७ अंश’ दाखवतो आणि स्वयंपाकघरात गेलं की ‘अंबरनाथ, १६’. त्यामुळे आमच्याकडे थंडी बघायची तर स्वयंपाकघरात जातात. चहाही तिथेच असतो, हा वेगळा भाग.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पारावाले काका राहतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती आता कुणी वाचत नाही. निवृत्त झाल्यावर कुणी गुडघे धरून बसतं, कुणी अध्यात्म धरतं. काकांनी पारा धरला. बाल्कनीच्या भिंतीला त्यांनी थर्मामीटर टांगलाय आणि रोज पहाटे त्याचा आकडा विमा कंपनीच्या फुकट डायरीत लिहून ठेवतात. भिंत पश्चिमेची, म्हणजे दुपारभर ऊन पिऊन रात्रभर ते परत करणारी. दोन हातांवर शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र. या व्यवस्थेमुळे काकांच्या डायरीनुसार कॅम्प पाचमध्ये गेल्या कित्येक हिवाळ्यांत थंडी पडलेलीच नाही.

एवढंच असतं तर काही बिघडलं नसतं. पण काकांची मुलगी दिली बदलापूरला, आणि व्याही पडले हवामानाचे हौशी. डिसेंबर लागला की रोज पहाटे व्याह्यांचा संदेश येतो: ‘नमस्कार व्याहीबुवा, आज आमच्याकडे १२.८. तुमच्याकडे?’ काकांच्या बाल्कनीत तेव्हा १९ असतात. लग्नात मानपान नीट झाला, आहेरात खोट नव्हती, जेवणात मीठ कमी पडलं नाही. आता मुलीच्या सासरी सहा अंश जास्त थंडी आहे हे कुठला बाप निमूट ऐकून घेईल? काका उत्तर लिहितात: ‘आमच्याकडेही छान गारवा आहे.’ आकडा टाळतात.

आता खरं सांगायचं तर या भांडणात निसर्ग व्याह्यांच्या बाजूने आहे. बदलापूर मुंबईच्या लोकलने जोडलेलं असलं तरी हवेने जोडलेलं नाही. पश्चिमेला मलंगगड, चंदेरी, माथेरान ही डोंगररांग उभी, दुसऱ्या अंगाला बारवी-मुरबाडकडचं रान आणि त्यापलीकडे सह्याद्री. मधल्या खोलगट भागातून उल्हास नदी वाहते. समुद्राची उबदार, दमट हवा सांताक्रूझला रात्रभर सोबत करते. इथे पोचेपर्यंत तिचा जोर ओसरतो. रात्री आभाळ निरभ्र असलं, वारा पडला की जमीन भराभर निवते. तिला टेकलेली हवा गार होते, गार हवा जड असते आणि जड झालं की उताराने खाली यायचं, एवढंच तिला कळतं. डोंगराच्या अंगावरून ती हळूहळू खोलगटात उतरून साठते. म्हणून थंडीच्या दिवसांत सांताक्रूझला सतरा-अठरा असतात तेव्हा बदलापूरला बारा-तेरा असू शकतात. आणि म्हणूनच कधी कधी ‘बदलापूर महाबळेश्वरपेक्षा थंड’ अशी बातमी छापून येते आणि बदलापूरकर ती कातरून ठेवतो. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे, पण पठाराच्या माथ्यावर आहे. तिथली गार हवा रात्री दरीत निघून जाते. उंचीवर राहून थंडी मिळतेच असं नाही. खाली राहूनही मिळते. बदलापूरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘थंड हवेचं ठिकाण’ हे शब्द अजून आले नसतील तर बिल्डर लोक झोपलेत असं समजावं.

हे सगळं पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. डिसेंबरात पहाटेची बदलापूर लोकल पकडावी. बदलापूरला चढणारा माणूस कानटोपी, मफलर, वर विंडचीटर आणि हाताच्या घड्या अशा थाटात असतो. खिडकीतला माणूस कुणी न सांगता काच खाली ओढतो. अंबरनाथला चढणाऱ्यांत स्वेटर असतो, कानटोपी नसते. उल्हासनगर-विठ्ठलवाडीला चढणारे शर्टाचं वरचं बटण लावून येतात आणि मफलरवाल्यांकडे जरा संशयाने बघतात. कल्याणला गर्दी शिरते आणि हवामानाचा प्रश्नच मिटतो. ठाण्याला कुणीतरी पंखा लावतं. पंख्याखालचा बदलापूरकर म्हणतो, ‘अहो, बंद करा, थंडी आहे.’ मुलुंडचा माणूस आजूबाजूला थंडी शोधतो. दादरला उतरताना कानटोपी डब्याच्या पिशवीत गेलेली असते आणि कपाळावर घाम असतो. संध्याकाळी हाच प्रयोग उलटा. एका तिकिटात एवढे ऋतू दाखवणारी दुसरी गाडी मला माहीत नाही.

थंडी खरंच उतरली की नाही, हे ओळखायचं आमच्या भागातलं सर्वांत भरवशाचं यंत्र मात्र नाक आहे. वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरात उगम पावते. तिथे रेल्वेचा जुना जीआयपी तलाव आहे, तिथपर्यंत तिला नदी म्हणायला हरकत नाही. पुढे ती १०६० सालच्या अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून येते. शिलाहारांनी एवढं कोरीव मंदिर या काठावर बांधलं, त्याअर्थी तेव्हा काठावर उभं राहता येत असणार. उल्हासनगरात शिरेपर्यंत तिचा रंग एके काळी त्या दिवशी कुठल्या रंगाची जीन्स धुतली गेली यावर ठरायचा. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची तिच्यापेक्षा गरम, असा उलटा प्रकार होतो. पातेल्यावर बसावं तसं वरच्या गरम हवेचं झाकण बसतं आणि खालचं काहीच वर जात नाही. नदीचा दर्प नाही, कारखान्यांचा वास नाही, कचऱ्याचा धूर नाही. पहाटे खिडकी उघडल्याबरोबर घरातलं कुणीतरी ‘ई!’ करून ती लावून घेतं, त्या दिवशी पारा उतरलेला असतो. परदेशात तळ्यामुळे हवामान बदलतं त्याला लेक इफेक्ट म्हणतात. आमचा हा नाला इफेक्ट. याला उपकरण लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि काकांच्या एसीच्या यंत्राचा यावर परिणाम होत नाही.

लेक इफेक्ट हा शब्द आमच्या इमारतीत आला तो माझ्या भाच्यामुळे. तो बफेलोला असतो. न्यूयॉर्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. बफेलो त्याच राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, लेक ईरीच्या काठावर. वर्षाला सरासरी ९५ इंच बर्फ पडतो, म्हणजे जवळपास आठ फूट. एकदा भाच्याशी व्हिडिओवर बोलत असताना काका साखर मागायला आले होते. पडद्यावर भाच्याच्या मागे पांढरं अंगण दिसलं आणि काका साखर विसरले. ‘किती डिग्री?’ ‘उणे चार, काका.’ काकांचा चेहरा उजळला. व्याह्यांचा धाकटा मुलगा दुबईला आहे. या सामन्यात बदलापूरचा काही निभाव लागणार नव्हता.

त्या दिवसापासून काकांनी कॅम्प पाचमध्ये बसून बफेलोचं हवामान ताब्यात घेतलं. आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ. भाचा ऑफिसला निघण्याच्या घाईत आणि काका चहा घेऊन निवांत. ‘तळ्याचं पाणी किती अंश आहे आज?’ ‘काका, मी बघितलं नाही.’ ‘तळ्याकाठी राहतोस आणि पाणी किती गरम ते माहीत नाही?’ भाच्याला हे आता माहीत करून घ्यावं लागतं.

प्रकार असा आहे. उन्हाळाभर तळं तापतं. पाणी उशिरा तापतं तसं उशिरा निवतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅनडाकडून गार, कोरडी हवा येते तेव्हा तळं अजून ऊब धरून असतं. ती हवा पाण्यावरून जाताना खालून तापते, बाष्प उचलते, वर चढते, ढग होतात आणि पलीकडच्या काठावर बर्फ पडतो. साधा हिशेब असा की तळ्याचं पाणी आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात किमान तेरा अंशांचा फरक हवा. दीड किलोमीटर म्हणजे माथेरानवर आणखी एक माथेरान ठेवल्यावर जेमतेम भरेल एवढी उंची. काकांनी हे ऐकलं आणि डायरीत ‘तेरा’ लिहून त्याला चौकोन काढला. तेव्हापासून व्याह्यांचे १२.८ आले की ते मनातल्या मनात म्हणतात, दोन दशांश कमीच पडले.

वाऱ्याची दिशाही हवी. ईरी तळं लांबुळकं आहे, लांबी ३८० किलोमीटरच्या पुढे, रुंदी शंभरच्या आत. वारा आडवा गेला तर पाण्यावर थोडाच वेळ राहतो, किरकोळ भुरभुर होते. पण तो नैऋत्येकडून तळ्याच्या लांबीवरून सरळ आला की जो काही बर्फ तयार होतो तो एका चिंचोळ्या पट्ट्यात कोसळतो. पट्टा बफेलो शहरावर बसतो की दक्षिणेच्या उपनगरांवर, हे वाऱ्याच्या काही अंशांच्या फरकावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये काही उपनगरांत पाच फुटांवर बर्फ पडला, माणसं गाड्यांत अडकली, काही दगावलीही. आणि त्याच वेळी थोड्याच मैलांवर शहराच्या उत्तर भागात काही इंच. ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच झालं, पुन्हा डेट्रॉइट. काका म्हणाले, ‘दर वेळी तिकडेच न्यायचा तर तिकडेच का ठेवत नाहीत?’

हे ऐकून इकडच्या माणसाने तोंडात बोट घालायचं कारण नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच ढग, एकच सरकार. त्या दिवशी कुलाब्याच्या माणसाला ‘पूर आलाय’ म्हणून फोन केला असता तर त्याने खिडकीबाहेर बघून आपल्याला वेड्यात काढलं असतं. आपल्याकडे उल्हास नदीला पूर आला की बदलापूरचं अर्धं गाव पाण्यात आणि कॅम्प पाचचा माणूस गच्चीत कपडे वाळत घालतो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटीने काढलं, तेव्हा ती कुठे आहे हे दाखवायला टीव्हीवाल्यांना आमच्या भागाचा नकाशा पहिल्यांदा नीट बघावा लागला.

पण काकांना या अभ्यासातून एक गोष्ट पटली आणि ती मलाही पटली आहे: हवामानात मोठं संकट सांगणं एक वेळ सोपं, थोडंसं सांगणं महाकठीण. पाच फूट बर्फ येणार हे दोन-तीन दिवस आधी कळू लागतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हलका बर्फ भुरभुरणार की नुसता पाऊस पडणार, हे आदल्या रात्रीही कळेल याची खात्री नाही. कारण त्या वेळी सगळंच काठावर असतं. तळं गरम, वरची हवा जेमतेम गार, जमीन अजून उबदार. एखादा अंश इकडे झाला तर पाऊस, तिकडे झाला तर बर्फ. पडला तरी रस्त्यावर वितळतो आणि गवतावर राहतो, म्हणजे गाडीवाला म्हणतो पडला नाही आणि बागवाला म्हणतो पडला. दोघंही खरे. त्यातून बर्फाचं मोजमाप निराळं. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो, पण तळ्याचा बर्फ भुसभुशीत असला तर वीस, तीसही होतो आणि ओला असला तर दहाही भरत नाही. पाण्याचा हिशेब चोख असूनही बर्फाचा चुकतो. एक दशांश इंचापेक्षा कमी पडला तर नोंदवहीत आकडा लिहीतच नाहीत, नुसतं ‘टी’ अक्षर लिहितात. म्हणजे पडला, पण मोजण्याजोगा नाही. आमच्या आळीत नळाला पाणी येतं तेव्हा हीच नोंद योग्य ठरेल.

आणि सुरुवातीचा बर्फ हलकाच असतो असंही नाही. १२ आणि १३ ऑक्टोबर २००६ ला बफेलोच्या विमानतळावर २२.६ इंच पडला. झाडांची पानं अजून गळायची होती. ओला, जड बर्फ पानांवर साठला आणि फांद्या मोडून विजेच्या तारांवर पडल्या. लाखो लोक अंधारात बसले. झाडाखाली बर्फ नव्हे तर झाडच पडतं, हे काकांना फार लागलं. ते लगेच खाली जाऊन सोसायटीच्या गुलमोहराकडे बघून आले.

काकांना खरा धक्का बसला तो तिथल्या हवामान कार्यालयाच्या टिपणाचा. अंदाजाबरोबर अंदाज करणारे आपली चर्चाही रोज छापतात: अमुक प्रारूप असं म्हणतं, तमुक तसं म्हणतं, आणि आमचा भरवसा कमी आहे. भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. ‘सरकारी माणूस? भरवसा कमी आहे असं स्वतःच्या सहीने लिहितो? आणि पगार मिळतो?’ काकांच्या सबंध नोकरीत त्यांनी असा कागद पाहिला नव्हता.

आपल्या हवामान खात्याची भाषा याहून सुसंस्कृत आहे. खातं १८७५ चं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. सिमल्याहून पुण्याला येताना बर्फ वाटेत राहिला, शब्द मात्र आले: तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतांश ठिकाणी. लोक यावर हसतात. पण ‘तुरळक ठिकाणी’ यात लबाडी नाही. जे थोडं आहे ते कुठे पडेल हे सांगता येत नाही, एवढंच प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं. आपली अडचण अशी की तुरळक ठिकाणी म्हटलं की प्रत्येकाला ते ठिकाण आपलंच वाटतं, आणि नाही पडलं की खात्याने आपल्याला वैयक्तिक फसवलं असं वाटतं.

थंडीच्या लाटेचीही व्याख्या आहे. मैदानी भागात किमान तापमान दहा किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी घसरलेलं हवं. किनाऱ्याला सवलत आहे: तिथे पंधरा चालतात, साडेचारची घसरण मात्र हवीच. म्हणजे मुंबईकर पंधरा अंशांत सरकारमान्य कुडकुडू शकतो. त्याच पंधरा अंशांत माझा भाचा अर्ध्या चड्डीत सायकल चालवतानाचा फोटो पाठवतो. मुंबईनेही एकदा आपली ताकद दाखवलेली आहे. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले. हा विक्रम अजून मोडलेला नाही. त्या पिढीतले लोक हा आकडा असा सांगतात, जणू त्यांनीच तो उतरवला.

महाराष्ट्राला स्वतःचा लेक इफेक्ट मात्र आहे, महाबळेश्वरला. दर हिवाळ्यात एखाद्या पहाटे वेण्णा लेकच्या परिसरात गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि ‘महाबळेश्वरचं काश्मीर झालं’ अशी बातमी येते. आभाळातून काही पडलेलं नसतं. तळ्याकाठची जागा गावापेक्षा खोलगट, गार हवा तिथे साठते. हवेत ओल असते, दव पडतं आणि तेच गोठतं. गावातल्या वेधशाळेत त्या वेळी पाच-सात अंश किंवा जास्तही असू शकतात, कारण तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, जाळीदार लाकडी पेटीत असतो आणि गवताचं पातं त्याच्याही खाली, उघड्या आभाळाखाली निवत असतं. आमच्या व्याह्यांनी एकदा सहकुटुंब जाऊन पहाटे साडेपाचला हे हिमकण बघितले. जीपच्या टपावरून नखाने खरवडून त्यांनी चमचाभर गोळा केले, फोटो काढेपर्यंत ते पाणी झाले. बदलापूरला परत आल्यावर मात्र त्यांनी ‘बर्फात होतो’ असंच सांगितलं. काकांनी डायरीत लिहिलं: ‘व्याही, वेण्णा लेक, टी.’

एक गोष्ट मात्र या थट्टेत घ्यायची नाही. फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली की पांढऱ्या शिवाराचे फोटो ‘आपलं काश्मीर’ म्हणून फिरतात. २०१४ साली विदर्भ-मराठवाड्यात असेच पांढरे फोटो आले होते. त्या पांढऱ्याखाली कुणाचा गहू होता, कुणाची द्राक्षं. तो बर्फ पुढे पाठवू नये.

कॅम्प पाचमधला खरा हवामानतज्ज्ञ म्हणाल तर तो आमच्या नाक्यावरच्या कपड्यांच्या दुकानातले दादा. त्यांच्या दाराच्या चौकटीला एक खिळा आहे. जूनपासून त्यावर रेनकोट, मग दिवाळीपर्यंत मुलांचे झगे आणि मग एका सकाळी पहिला स्वेटर. दादा आकाशाकडे बघत नाहीत, फोनही बघत नाहीत. ‘साईं, मोबाइलवर थंडी येते तेव्हा गिऱ्हाईक मोबाइलच बघतं,’ असं त्यांचं मत. ते बघतात शाळेच्या रिक्षा. सकाळी साडेसहाच्या रिक्षात तीन-चार पोरांच्या कानाला रुमाल दिसला की त्याच दिवशी खिळा बदलतो. घाईने स्वेटर काढला तर भांडवल अडकतं आणि उशिरा काढला तर गिऱ्हाईक जपानी मार्केटला जातं. त्यामुळे त्यांचा अंदाज फुकटातल्या आपल्या अंदाजासारखा सैल नसतो. यंदा ला निना आहे, कडाका पडणार, अशी बातमी ऑक्टोबरात वाचून मी त्यांना विचारलं. दादा म्हणाले, ‘ये ला निना हर साल आती है क्या? मेरे दुकान में तो नहीं आयी.’ प्रशांत महासागराच्या पाण्यावरून कॅम्प पाचच्या स्वेटरांचा स्टॉक ठरवायचा नाही, एवढी समज त्यांना धंद्याने दिली आहे. पूर्वी आमच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असायचं आणि ते ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चं लघुरूप आहे असा विनोद देशभर चालायचा. दादा सांगतात, अमेरिकेतलं सगळं इथे बनवून झालं, फक्त थंडी बनवता आली नाही.

काका-व्याह्यांचं प्रकरण अजून चालू आहे. मध्ये व्याह्यांनी स्वयंचलित यंत्र आणलं, दर पाच मिनिटांनी आकडा पाठवणारं. काकांनी एसीवाल्या शेजाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीत एसी लावू नका अशी विनंती केली. शेजारी म्हणाले, ‘काका, उकडतं हो.’ थंडीच्या विरोधात एवढा भक्कम पुरावा काकांना सरकारकडूनही मिळाला नसता.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं: थर्मामीटर घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण भिंतीला टांगू नका. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, सावलीत, वारा खेळेल अशा जाळीच्या पेटीत, भिंतीपासून आणि एसीपासून लांब ठेवा. आणि सकाळी आकडा व्याह्यांना पाठवायच्या आधी एकदा खिडकी उघडून नाकाला विचारा.